एकट्याने लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ: आधी काय ठरवायचं

प्रश्न थोडक्यात असा: चुलत बहिणीचं लग्न आहे आणि फोटो, व्हिडिओ दोन्हीची जबाबदारी घरच्यांनी तुमच्यावर टाकली आहे. हाताशी एक मिररलेस (आत आरसा नसलेला, नव्या पद्धतीचा) कॅमेरा, एक जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा), फोन आणि ट्रायपॉड आहे. मदतीला फार तर एक मित्र. एवढ्यावर दिवस नीट टिपता येईल का, आणि कसा?

येईल. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. एका क्षणी तुमच्या हातून एकच काम होणार आहे. फोटोसाठी तुम्ही हावभाव शिगेला पोहोचण्याची वाट बघत असता. व्हिडिओसाठी तोच प्रसंग सुरू होण्याच्या आधीपासून संपून जाईपर्यंत हात न हलवता धरून ठेवावा लागतो. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही करू गेलात, तर मोड बदलण्यात जे दोन-तीन सेकंद जातात, नेमके त्यातच वडिलांचे डोळे भरून येतात. म्हणून दिवसाचा कार्यक्रम कागदावर घ्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे आत्ताच लिहा: इथे हात फोटोला, इथे हात व्हिडिओला. दुसरं काम ट्रायपॉडवरचा कॅमेरा करेल, नाहीतर ते होणार नाही. काय सुटणार आहे हे आधी स्वीकारलं, की जे करायचं ते शांतपणे होतं.

हे ठरवायला एक सोपी कसोटी आहे. पुन्हा घडवता येईल ते बाजूला काढा. दागिने, कपडे, सजावट, अंगठ्या, नवरा-नवरीचे जोडीने फोटो हे सगळं अर्ध्या तासाने काढलं तरी चालतं, अगदी दुसऱ्या दिवशीही. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचा लग्नाचा म्हणून जो फोटो सगळीकडे फिरतो, तो रॉजर फेंटन यांनी १८५४ मध्ये काढलेला आहे. लग्न झालं होतं १८४० मध्ये. चौदा वर्षांनीही पोशाख घालून शेजारी उभं राहता आलं. पण लग्नाच्या दिवशी वचन देताना आवाज कसा कापला, हे कुणालाच पुन्हा घडवता येत नाही. तुमची सगळी शक्ती अशा न परतणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवा: मुख्य विधी, भाषणं, पहिली भेट, निरोप, आणि मोठ्या माणसांचे चेहरे.

आता आवाजाकडे येतो. लग्नाच्या व्हिडिओची सर्वात मोठी हानी इथेच होते आणि नवखे लोक सर्वात कमी विचार याचाच करतात. चित्र थोडं दाणेदार असेल, थोडं हललं असेल, तरी माणसं आनंदाने बघतात. आवाज घुमला, फाटला किंवा पंख्याच्या घरघरीत बुडाला, तर दोन मिनिटांत व्हिडिओ बंद होतो. कॅमेऱ्याच्या अंगावरचा माइक दहा मीटरवरून तुम्हाला हवा तो आवाज देऊ शकत नाही. तो सभागृहाची कुजबुज आणि खुर्च्यांची खरखर टिपतो. त्यामुळे नवी लेन्स घेण्याचा विचार असेल तर थांबा, आणि आधी खिशात मावणारा छोटा रेकॉर्डर आणि कॉलर माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) मिळवा. विकत नको असेल तर भाड्याने घ्या.

माइक शक्यतो नवऱ्याच्या कपड्यांवर लावा, छातीच्या वरच्या भागात, दागिना किंवा फुलं घासणार नाहीत अशा जागी. नवरीच्या कपड्यांवर जागा मिळणं अवघड असतं. शिवाय ती शेजारीच उभी असते, तिचा आवाज त्याच माइकमध्ये नीट येतो. रेकॉर्डर विधीच्या अर्धा तास आधी सुरू करा आणि बटणं लॉक करून नवऱ्याला खिशात घालू द्या. ऐन वेळी तुम्हाला तिथे पोहोचता येणार नाही. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवा. सर्वात मोठ्या आवाजाला रेकॉर्डरवरचं पातळी दाखवणारं मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा (शून्याच्या वर आवाज फाटतो), म्हणजे कुणी अचानक ओरडलं किंवा टाळ्या वाजल्या तरी आवाज फाटणार नाही. रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोटची (अगदी हळू ते अगदी मोठा आवाज न फाटता टिपणाऱ्या रेकॉर्डिंगची) सोय असेल तर ती वापरा. मग पातळी चुकली तरी नंतर सावरता येते.

भाषणं माइकवरून होणार असतील, तर साउंडवाल्यांशी आदल्या दिवशी बोला. त्यांच्या मिक्सरमधून (सगळे माइक जिथे एकत्र येतात त्या यंत्रातून) एक जोडणी तुमच्या दुसऱ्या रेकॉर्डरला मिळाली तर सोनं. इथे एक काळजी घ्या. मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन लेव्हलचा असतो, माइकच्या सिग्नलपेक्षा कितीतरी जोरदार. तो माइकच्या इनपुटमध्ये घेतलात तर सगळं भाषण करकरत येईल. रेकॉर्डरमध्ये लाइन इनपुट निवडा आणि आदल्या दिवशीच मिनिटभर रेकॉर्ड करून कानाला हेडफोन लावून ऐका. मीटर हलतंय एवढ्यावर विसंबू नका. जोडणी मिळालीच नाही, तर रेकॉर्डर किंवा फोन व्यासपीठावर बोलणाऱ्याच्या पुढे ठेवा. तेवढ्यानेही काम भागतं.

वेगळा आवाज नंतर चित्राशी जुळवावा लागतो. सर्व उपकरणं चालू झाली की कॅमेऱ्यासमोर एक जोरदार टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये त्या टाळीवरून दोन्ही रांगेत बसवता येतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा माइकही चालू ठेवा, कारण बहुतेक सॉफ्टवेअर त्याच्या आधारेच आपोआप जुळवणी करतात. फक्त अंतराचा हिशेब लक्षात असू द्या. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. व्हिडिओत सेकंदाला २५ फ्रेम (म्हणजे स्थिर चित्रं) धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे साधारण १४ मीटरला एक फ्रेम मागे. सभागृहाच्या टोकाला ठेवलेल्या कॅमेऱ्याच्या आवाजावर जुळवलं, तर ओठ आणि शब्द यांत फट दिसते. ती डोळ्यांनी बघून एक-दोन फ्रेमने सरकवा. लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन उपकरणांची घड्याळं हळूहळू एकमेकांपासून सरकतात, त्यामुळे तासाभराच्या शेवटी पुन्हा एकदा तपासा.

ट्रायपॉडवर कोणता कॅमेरा ठेवायचा? सगळे जुना डीएसएलआर तिथे ठेवतात आणि चांगला कॅमेरा हातात घेतात. माझा सल्ला उलटा आहे. मुख्य विधीपुरता मिररलेस ट्रायपॉडवर ठेवा. अनेक जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. अर्ध्या तासापेक्षा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यावर युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचं जादा आयातशुल्क लागत असे, त्यातून ही मर्यादा आली. त्याहून जुने काही तर ४ जीबीची फाइल भरली की थांबतात, आणि ते बाराव्या मिनिटालाही होऊ शकतं. शिवाय व्हिडिओत त्यांचा ऑटोफोकस सतत मागेपुढे शोधत राहतो. फोटोसाठी मात्र तोच जुना डीएसएलआर आजही भरवशाचा आहे. मिररलेसलाही मर्यादा आहे का, हे घरी तासभर सलग रेकॉर्ड करून बघा. ४के मध्ये (फुल एचडीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच चित्रात) तो तापून बंद पडत असेल, तर फुल एचडीवर या. तुटलेल्या ४के पेक्षा अखंड फुल एचडी कधीही चांगलं.

ट्रायपॉडवरच्या कॅमेऱ्याची फ्रेम, म्हणजे चित्राची चौकट, थोडी रुंद ठेवा. पूर्ण फ्रेम सेन्सरवर (प्रकाश टिपणारी चिप जुन्या ३५ मिमी फिल्मएवढी असेल तर) २४ ते ३५ मिमी लेन्स बहुतेक ठिकाणी पुरते. माणसं सरकतात, वाकतात, कुणीतरी मध्ये येतं, त्यासाठी कडेने जागा हवी. ४के मध्ये घेतलंत तर नंतर फुल एचडीसाठी दुप्पट जवळ कापून घेता येतं आणि एकाच कॅमेऱ्यातून दोन कोन मिळाल्यासारखं होतं. ट्रायपॉड डोक्यांच्या वर, भिंतीला किंवा खांबाला लागून उभा करा, पाय चिकटपट्टीने जमिनीला धरा आणि तुमच्या मित्राला तिथेच बसवा. त्याचं काम एवढंच: रेकॉर्डिंगचा लाल दिवा चालू आहे का बघणं, बॅटरी बघणं, समोर कुणी उभं राहिलं तर हळूच विनंती करणं. यूएसबीवरून पॉवर बँक लावता येत असेल तर उत्तम, पण काही कॅमेरे बंद असतानाच चार्ज होतात, चालू असताना वीज घेत नाहीत. हेही घरीच तपासा.

कार्डाचा हिशेब आधी मांडा. सेकंदाला १०० मेगाबिटने रेकॉर्ड केलंत तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहितं, या कामाला ते पुरतं. फोटोंसाठी वेगळी कार्डं ठेवा, रॉमध्येच (सेन्सरने टिपलेली सगळी माहिती ठेवणाऱ्या मूळ फाइलमध्ये) काढा, आणि कॅमेऱ्यात दोन कार्डांची सोय असेल तर दोन्हींवर एकाच वेळी लिहू द्या. दुसरं कार्ड जादा जागेसाठी वापरण्याचा मोह टाळा. दिवसभरात कॅमेऱ्यात एकही फोटो पुसू नका. घाईत चुकीचं बटण दाबलं जातं.

आणखी एक लहानसं काम, ज्याने नंतर तासन्‌तास वाचतात: सकाळी दोन्ही कॅमेऱ्यांची आणि फोनची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. मग सगळे फोटो वेळेनुसार लावले की दिवस आपोआप क्रमाने उलगडतो.

प्रकाशाबद्दल लोक फार घाबरतात, त्यातली निम्मी भीती आयएसओची (कॅमेऱ्याच्या प्रकाश-संवेदनशीलतेच्या आकड्याची) असते; तो वाढवला की फोटो दाणेदार होतो. दाणेदार फोटो घरात भिंतीवर लागतो, हललेला फोटो टाकून द्यावा लागतो. आयएसओ ६४०० वर जायला कचरू नका. शटरचा वेग मात्र सोडू नका. बसलेल्या, बोलणाऱ्या माणसांना १/१२५ सेकंद, चालणाऱ्यांना १/२५०, नाचणाऱ्यांना १/५००. हे जमत नसेल तर जास्त उघडणारी लेन्स हवी; एफचा आकडा जितका लहान, तितकी ती जास्त उघडते. कॅमेऱ्यासोबत येणारी झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ वर असते. एफ/१.८ ची साधी ५० मिमी लेन्स तिच्या साडेनऊ पट प्रकाश आत घेते. अंधाऱ्या सभागृहात यापेक्षा मोठा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

दिव्यांची लुकलुक हा वेगळा त्रास आहे. जिथे वीज ५० हर्ट्झची असते तिथे कित्येक दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना कळत नाही, पण व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसतात. तिथे २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, फोटोला शक्य तिथे १/१००. वीज ६० हर्ट्झची असेल तर ३० फ्रेम आणि १/६०. काही एलईडी पडदे आणि रंगीत दिवे यालाही दाद देत नाहीत. त्यासाठीच लग्नाच्या आधी एकदा तिथे जाऊन, सगळे दिवे लावायला सांगून, पाच मिनिटं रेकॉर्ड करून बघा. फोटोसाठी मिररलेस वापरत असाल तेव्हा इलेक्ट्रॉनिक शटरचा (पडदा न हलवता फोटो घेण्याचा) शांतपणा मोहात पाडतो, पण अशा दिव्यांत पट्टे त्यानेच येतात. मेकॅनिकल, म्हणजे खरा पडदा हलणारं, शटर लावा.

रंगीत दिव्यांबद्दल सजावटवाल्यांशी बोलायलाच हवं. गडद निळा किंवा लाल दिवा थेट चेहऱ्यावर पडला की बाकीचे रंग तिथे उरतच नाहीत, आणि जे टिपलंच नाही ते एडिटिंगमध्ये परत आणता येत नाही. ‘मुख्य विधीपुरते चेहऱ्यावरचे दिवे पांढरे ठेवा, रंग मागच्या भिंतीवर सोडा,’ एवढी विनंती बहुतेक जण मान्य करतात. व्हिडिओसाठी व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणून असलेलं सेटिंग) आकड्यावर पक्का करा. पिवळ्या दिव्यांत ३२०० केल्विनच्या जवळ, दिवसाच्या उजेडात ५५०० च्या. ऑटोवर ठेवलात तर एकाच शॉटमध्ये चेहऱ्याचा रंग बदलत जातो. एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ ठेवायचं ते, पांढऱ्या कपड्यांकडे बघून ठरवा. काळोखातून थोडं वर काढता येतं, जळलेल्या पांढऱ्यातली वीण परत येत नाही.

फ्लॅश वापरायचा तर छताकडे किंवा मागच्या भिंतीकडे वळवून, आणि छत पांढरं असेल तरच. रंगीत छतावरून आलेला प्रकाश सगळ्यांना तोच रंग लावतो. मुख्य विधीत मात्र फ्लॅश बंद ठेवा, कारण तो तुमचाच व्हिडिओ बिघडवतो. सेन्सर ओळी-ओळीने वाचला जात असल्याने फ्लॅशच्या क्षणी व्हिडिओची अर्धी फ्रेम पांढरी आणि अर्धी काळोखी येते. पाहुण्यांचे फ्लॅश तुमच्या हातात नाहीत, तुमचा आहे.

समूहफोटो हा दिवसातला सर्वात कष्टाचा आणि वर्षानुवर्षं सर्वात जास्त पाहिला जाणारा भाग. यादी आधीच लिहून घ्या, दोन्ही घरांतून एकेक असा माणूस मागा जो सगळ्यांना नावाने हाक मारू शकेल. माणसं गोळा करणं तुमच्याकडे घेऊ नका. एका गटाला दोन-तीन मिनिटं धरा, म्हणजे वीस गटांना तास लागतो हे घरच्यांना आधीच सांगता येईल. बहुतेक वेळा तेव्हाच यादी आपोआप छोटी होते. सर्वात मोठा गट आधी घ्या, मग वृद्धांचे आणि लहान मुलांचे, आणि त्यांना लगेच मोकळं करा. दोन-तीन रांगा असतील तर एफ/५.६ ते एफ/८. एफ/१.८ वर पुढची रांग स्पष्ट आणि मागची धूसर येईल. डोळे मिटण्यावर ऑस्ट्रेलियातल्या पिअर्स बार्न्स आणि निक स्वेन्सन यांनी गणित मांडलं होतं, त्याला २००६ मध्ये इग्नोबेलही (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागा, कमी उजेडात दोनने. तितके फोटो काढले की सगळ्यांचे डोळे उघडे असलेला एक तरी मिळण्याची चांगली शक्यता असते. बारा जणांचे चार, अंधारात सहा. मी हाच हिशेब वापरतो.

तयारीच्या खोलीत खिडकीजवळ जागा करा, छतावरचे दिवे घालवा, पिशव्या आणि खोके फ्रेमबाहेर सरकवा. भर दुपारी जोडीचे फोटो काढायची वेळ आली तर उघड्या सावलीत जा, चेहरा मोकळ्या आकाशाकडे वळवा. ड्रोनचा हट्ट सोडा. परवानगीचे नियम, गर्दीवरून उडवण्याचा धोका आणि त्याचा आवाज, हे सगळं एकट्या माणसाने सांभाळण्यासारखं नाही.

फोन तिसरा कॅमेरा म्हणून फार उपयोगी पडतो. विमान मोडवर टाका, कारण मध्येच आलेला फोन रेकॉर्डिंग तोडू शकतो. आडवा धरा, जागा रिकामी करा, आणि पडद्यावर चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, म्हणजे मागे दिवा लागला तरी चेहरा काळा पडणार नाही. भाषणाच्या वेळी तो ऐकणाऱ्यांकडे तोंड करून ठेवा. बोलणाऱ्याचं चित्र मोठ्या कॅमेऱ्यात आहेच. आई ते ऐकताना कशी हसली, हे फोन टिपेल.

हातात घेऊन व्हिडिओ काढाल तेव्हा प्रत्येक शॉट किमान दहा सेकंद धरा, मनात मोजा. झूम आणि डावी-उजवीकडे फिरवणं टाळा. फिरायचं असेल तर स्वतः दोन पावलं चाला. आणि दिवसातून थोडा वेळ काढून घरातल्या वयस्कर माणसांना शांत कोपऱ्यात बसवून दोन प्रश्न विचारा: या दोघांना काय सांगाल, आणि तुमच्या लग्नाचं काय आठवतं. कॉलर माइक त्यांना लावा. हे कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेत नसतं, पण घरचे लोक पुढे जे रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा लावतात, ते बहुधा हेच असतं. मला या कामात सर्वात मोलाचा वाटणारा वेळ हाच.

सगळं संपल्यावर कितीही थकला असाल तरी कार्डं रिकामी केल्याशिवाय झोपू नका. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ चा नियम इथे पाळा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. रात्री लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क, सकाळी दुसरी डिस्क नातेवाइकांकडे किंवा प्रत इंटरनेटवरच्या साठ्यात. प्रती झाल्या की दोन-चार फाइल उघडून बघा, आवाजाची फाइलही शेवटपर्यंत सरकवून ऐका. फोटो आणि व्हिडिओ घरच्यांच्या हाती पडेपर्यंत कार्डं फॉरमॅट करू नका.

निवड करताना एकाच हावभावाचे आठ फोटो देऊ नका, एक द्या. पण एखाद्या पाहुण्याचा दिवसभरातला एकच फोटो असेल आणि तो थोडा धूसर असेल, तरी तो ठेवा. चार-पाच मिनिटांची छोटी फिल्म सगळ्यांना आवडते, ती जरूर करा. तिच्यावर प्रसिद्ध गाणं लावलंत तर ऑनलाइन टाकताना हक्काच्या कारणाने आवाज बंद होऊ शकतो, म्हणून परवाना असलेलं संगीत घ्या. त्यासोबत मुख्य विधी आणि भाषणं काटछाट न करता, चांगल्या आवाजासह, स्वतंत्र फाइल म्हणून द्या. लहान मुलांचे आणि भावनिक क्षणांचे फोटो कुठे टाकण्याआधी नवरा-नवरीला आणि मुलांच्या आई-वडिलांना विचारा. कोणते फोटो सगळ्यांसाठी आणि कोणते फक्त घरासाठी, हे त्यांनाच ठरवू द्या, आणि त्यानुसार दोन वेगळे फोल्डर करून द्या.